साबणाने लाल, लिंबाने पिवळा

मी कर्क्युमिन बोलतोय. नाव ऐकून औषधाच्या दुकानाकडे पाहू नका. मी तुमच्या मिसळणाच्या डब्यातच राहतो. हळदीला पिवळं करणारा तो मी. माझ्या घरात एकवीस कार्बन, वीस हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन गुण्यागोविंदाने नांदतात. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या ज्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझा मुक्काम आहे, तिथे चारच माणसं, पण रोज खटके उडतात.

माझा स्वभाव जरा तऱ्हेवाईक. पाण्याशी माझं पटत नाही, तेल दिसलं की मात्र लगेच विरघळतो. उन्हात फिका पडतो, म्हणून दिल्लीचा धुरकट जानेवारी मला मानवतो. साबण, सोडा, चुना यांपैकी कुणी अंगाला लागलं की मी लालबुंद होतो. लिंबू पिळलं की शांत, पुन्हा पिवळा.

जन्म माझा सांगलीकडचा, जमिनीखालचा. कृष्णाबाई मला पिशवीत घालून इथे घेऊन आल्या, कारण दिल्लीच्या हळदीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. क्वार्टर ज्याच्या नावावर आहे त्याच्या त्या आई, म्हणजे त्याची बायको अलका हिच्या सासूबाई. हळदीत चुना कालवून घरचं कुंकू त्याच करतात. बाजारच्या कुंकवाने अलकाच्या कपाळाला खाज येते.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ त्यांनी वळायचा, कोयरी त्यांनी भरायची आणि बेल वाजली की आतल्या खोलीत जायचं. जा असं कुणी म्हणत नसे, थांबा असंही कुणी म्हणत नसे. आलेल्या बायका आपल्या शाली आणि कोट आतल्या पलंगावर टाकत. त्या ढिगाशेजारी बसून कृष्णाबाई दोन तास बाहेरचं हसणं ऐकत. मला ते बघवत नसे.

यंदा कोयरी भरता भरता त्यांचा हात कपाळाला लागला. आरशात पिवळा डाग दिसला, म्हणून त्यांनी कपड्यांच्या साबणाची वडी घासली. झालं! मी भडकलो. त्या घासत गेल्या, मी लाल होत गेलो. कपाळाच्या मधोमध ठसठशीत कुंकू.

"आई, हे काय केलंत? पद्मजाताई जिना चढतायत." अलकाचा चेहरा पांढराफटक पडला. पद्मजाताई म्हणजे महिला मंडळाची चालतीबोलती नियमावली.

देवयानी अलकाची लेक, बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. "मम्मा, पॅनिक नको यार. आजी, साबण बंद. साबणातल्या बेसमुळे लाल झालंय, लिंबू लावते."

पोह्यांसाठी कापलेलं लिंबू कपाळावर फिरलं. मी पिवळा झालो, पण हटलो नाही. एवढ्यात बेल वाजली. कृष्णाबाई आत वळल्या, पण शाल टाकायला निघालेल्या पद्मजाताई नेमक्या समोर आल्या.

"अच्छा! काकूंना हळद लावली वाटतं?"

कृष्णाबाईंची मान खाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण रंगहीन असतो तर बरं झालं असतं.

"हो, मीच लावली," अलका म्हणाली. चक्क थाप होती, पण मला ती फार आवडली. "कुंकू राहिलंय अजून." तिने कोयरी उचलली. आता त्या कुंकवातही मीच बसलेलो, त्यामुळे माझी ना नव्हती.

कृष्णाबाईंनी तिचा हात धरला. "कुंकवाचं राहू दे गं, सवय गेली. मला इथे एक खुर्ची दे. आत त्या शालींच्या ढिगात जीव गुदमरतो माझा."

पद्मजाताई हातातल्या शालीकडे बघत राहिल्या. मग ती त्यांनी पुन्हा अंगावर घेतली. "बाहेर थंडी आहे फार," असं काहीतरी पुटपुटल्या आणि सोफ्यावर बसून, जरा सरकून त्यांनी कृष्णाबाईंना जागा केली.

सध्या मी कृष्णाबाईंच्या कपाळावर आहे. त्यांनी तीन लाडू खाल्ले आणि सगळ्यांना हसवलं. उद्या त्या बाल्कनीत उन्हाला बसतील आणि मी फिका पडत जाईन. त्याचं मला काही वाटत नाही. एवढीच विनंती आहे, पुढच्या वर्षी खुर्ची आधीच मांडा. दर वेळी माझ्याच्याने भडकणं होणार नाही.