चार नंबरचा पिंजरा

बिस्किटांचा रिकामा डबा, आतून काळा कागद.

केळीच्या पानात मुशीची कलेजी.

सहा पांढरे उंदीर. गुबगुबीत. हीच तक्रार.

सोमवार.

•

अंधेरी, १९५८. डब्यात पिवळी पूड होती, अमेथोप्टेरिन. उजेडाने ती बिघडते. तिचा रेणू फॉलिक आम्लासारखा दिसतो. पेशीतलं एन्झाइम फसतं आणि त्यालाच धरून बसतं. मग खऱ्या फॉलिक आम्लाचं पुढचं रूप बनत नाही, आणि त्याच्यावाचून पेशीची वाढ अडते. आमच्या उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींतही तसंच होतं का, हे मी पाहत होते.

पिंजरा एक. औषध नाही. गाठी वाढल्या.

दोन आणि तीन. औषध दिलं. गाठी थांबल्या, उंदीरही वाळले.

चार. औषध दिलं. गाठी वाढल्या. उंदीर मजेत.

•

"नोंदवहीतून चार नंबर खोडा," आमचे संचालक डॉक्टर गुप्ते म्हणाले. सोमवारी आमचं काम तपासायला समिती येणार होती. "औषध द्यायचं राहिलंय, दुसरं काय?"

"सुई मी टोचते, सर. एक दिवस चुकलेला नाही."

दारात धाकू उभा होता. वर्सोव्याचा कोळी, आमच्या उंदरांचं सगळं तोच बघायचा.

"बाय, मी कलेजी दिली त्यांना. रोज थोडी थोडी. मुशीची. उंदरं पार सुकली व्हती ना."

"मुशीची? त्या छोट्या शार्कची?"

"आमच्यात बाळंतिणीला मुशी देतात. अंगात ताकद येते. सगळ्यांना पुरली नसती, म्हणून दाराजवळच्या पिंजऱ्यालाच दिली."

"ही प्रयोगशाळा आहे रे, खानावळ नाही!" गुप्ते ओरडले. "उद्यापासून येऊ नकोस."

मी चार नंबरकडे बघत राहिले. यकृत. यकृतात ते पुढचं रूप तयारच असतं.

"सर, औषध काम करतंय! वाट त्याने अडवलीच होती. धाकूने अडलेल्या पायरीच्या पलीकडचा माल आत पोचवला आणि पेशी सुटल्या. औषध नेमकं कुठे अडवतं ते यातूनच कळतंय."

"हा तर्क झाला."

"म्हणून पुन्हा करायचं. नुसतं औषध, नुसतं यकृत, आणि दोन्ही."

"पुन्हा नंतर. आधी ती ओळ खोडा, वसुधाबाई. समितीला मी काय सांगू, कोळ्याने मासे खायला घातले?"

"हो. तेच सांगा."

त्यांनी त्यांचं पेन माझ्यापुढे सरकवलं. मी ते घेतलं आणि शाईने लिहिलं:

पिंजरा चार. धाकू तांडेल यांनी मुशीचं यकृत दिलं. औषधाचा परिणाम दिसला नाही.

खाली सही केली.

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. ओळ जाणार नाही. आणि धाकूला काढलंत तर समितीला तेही सांगेन."

"बाय, माझ्यापायी नको," धाकू दारातून म्हणाला.

"तुझ्यापायी कुठे? तू गप्प बस आणि सोमवारी धुतलेला सदरा घालून ये."

•

सोमवारी ओळ मीच वाचली. गुप्ते खिडकीबाहेर बघत होते. धाकू पिंजरा धरून माझ्या शेजारी.

समितीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "रोज किती ग्रॅम?"

मी धाकूकडे पाहिलं. त्याने चिमूट करून दाखवली.

"मोजलं नव्हतं," मी म्हणाले. "आता मोजणार आहोत. आम्ही दोघं."

गुप्त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

मंगळवारी धाकू नेहमीसारखा कामाला आला तेव्हा मी तराजू पुसत होते. त्याने केळीचं पान टेबलावर ठेवलं.

मग त्याने सांगितलं, उंदरांना पहिल्या दिवशी घातलेली मुशी त्याने बाळंतीण बायकोसाठी घेतली होती. त्यांची मुलगी तेव्हा सहा दिवसांची होती.