आप्पांच्या चष्म्याची डावी दांडी

कालिंदीने चष्म्याचं घर काउंटरवर ठेवलं आणि झाकण न उघडताच ते रघुवीरकाकांकडे सरकवलं.

"आप्पांचा आहे," ती म्हणाली. "यात माझ्या नंबरच्या काचा बसवून मिळतील का?"

काकांनी हातातला बारका स्क्रू-ड्रायव्हर ताटलीत ठेवला. आप्पांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी काका काठी टेकत चंदनवाडीच्या स्मशानापर्यंत आले होते. तिने ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

"आधी बस. चहा सांगू?"

"नको काका, घाईत आहे."

"तुझा बाप कधी घाईत नसायचा, म्हणून तर माझा धंदा बसला." ते हसले. "रोज संध्याकाळी त्या स्टुलावर. गिऱ्हाइकालाच सांगायचे, ही फ्रेम घेऊ नका, तोंड भोपळ्यासारखं दिसतंय."

कालिंदीही हसली. स्टुलावर मात्र बसली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिनेच आप्पांना इथे आणलं होतं. काकांनी एकेक करून डझनभर फ्रेमी काढल्या, स्वतः आरसा धरून उभे राहिले. शेवटी एक तपकिरी फ्रेम आप्पांच्या मनात भरली. "विचार करून सांगतो," असं ती म्हणाली आणि काका आरसा ठेवायला वळले तेवढ्यात दांडीच्या आतल्या बाजूच्या मॉडेल नंबरचा तिने फोनवर फोटो काढला. चौथ्या दिवशी कुरिअर दारात. अर्ध्या किमतीत! घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची. आप्पा ऐकून घ्यायचे आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसायचे. त्यानंतर आप्पांकडे गिरगावात आली की ती दुकान टाळून समोरच्या फुटपाथने जायची.

आजही आली नसती. पण परळच्या दोन मोठ्या दुकानांनी जुन्या फ्रेमला हात लावायला नकार दिला होता, आणि तिला हाच चष्मा हवा होता. आप्पांना तिने दिलेली ही शेवटची वस्तू. हॉस्पिटलातसुद्धा हाच त्यांच्या नाकावर होता.

काकांनी चष्मा उजेडात धरला, मग अलगद काउंटरच्या काचेवर उपडा ठेवला. तो एका बाजूला किंचित कलला.

"ही डावी दांडी बघ. आप्पांचा डावा कान उजव्यापेक्षा वर होता. तुला ठाऊक होतं?"

तिने नकारार्थी मान हलवली. सेहेचाळीस वर्षं ती तो चेहरा बघत आली होती.

"गरम करून वाकवावी लागते. महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, रघुवीर, सैल झालाय म्हणत. तुला घालायचा तर ही सरळ करावी लागेल." ते थांबले. "करू?"

म्हणजे चष्मा काकांच्या हातून कितीदा तरी गेला होता. कालिंदीचे कान तापले. आता न बोलणं जास्त वाईट दिसलं असतं.

"काका, हा तुमच्याकडून घेतलेला नाही. तेव्हा इथे बघितला आणि मी..."

"आमच्याकडचाच आहे."

"नाही हो. मी फोटो काढला होता. ऑनलाइन मागवला."

"ते माहीत आहे. पाठ वळली होती, पण हातात आरसा होता. आंधळा नव्हतो."

त्यांनी खालचा खण ओढला, आत चाचपून एक चष्मा काढला आणि पहिल्याशेजारी ठेवला. तोच तपकिरी रंग, तीच फ्रेम. पण दांड्या सरळ, कारखान्यातून आल्या तशा. नाकावर टेकणाऱ्या रबराच्या गाद्या अजून पांढऱ्या होत्या. पहिल्याच्या पिवळ्या पडल्या होत्या.

"हा तुझा. तू आणलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी घेऊन आले. म्हणाले, पोरीने हौसेने मागवलाय, तिला कळू देऊ नकोस, पण मला असाच तुझ्याकडचा दे. मी म्हटलं, अहो, आहे तो वापरा, मी नीट बसवून देतो. नाही ऐकलं. म्हणाले, रोज तुझ्यासमोर बसायचं मला, हा नाकावर ठेवून कसा बसू?"

रस्त्यावरून एक बस घरघरत गेली. काउंटरची काच थरथरली.

"हा कुणाला तरी देऊन टाक म्हणाले. आता नंबर त्यांचा, देणार कुणाला? राहिला."

कालिंदीने हात पुढे केला. तो आप्पांच्या चष्म्याकडे गेला, वाकलेल्या दांडीपाशी थांबला आणि मागे आला. आप्पांचा चष्मा तिने परत त्याच्या घरात ठेवला, झाकण लावलं. दुसरा पुढे सरकवला.

"काचा यात बसवा," ती म्हणाली. "तो तसाच राहू दे."

काकांनी मान डोलावली. डॉक्टरांचा कागद घेतला, नंबर उतरवून ठेवला आणि छोटी पट्टी काढून काउंटरवर पुढे वाकले.

"दोन डोळ्यांतलं अंतर घेतो. सरळ बघ. माझ्या डोळ्यांत."

पट्टी तिच्या नाकावर टेकली. थंडगार होती.

"खाली नको, कालिंदी. वर बघ."

तिने प्रयत्न केला. नजर काकांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत आली.

"सावकाश," काका म्हणाले आणि पट्टी धरून तसेच उभे राहिले.