कोपऱ्यातला अंगठा

रंगमास्तरांनी लोकरीच्या कापडाची बारावी पट्टी रंगाच्या पिंपातून वर काढली आणि दोन बोटांत धरून वाऱ्यावर सोडली. पट्टी पिवळट हिरवी होती. हवा लागली तशी ती कडांनी निळी होऊ लागली, निळा मधोमध सरकला, आणि मग पुन्हा तेच झाले. यायला निघालेला रंग वाटेतच बसकण मारावी तसा थांबला. वर राखेची झाक राहिली. मास्तरांनी ती दोरीवरच्या अकरा पट्ट्यांशेजारी अडकवली आणि ते हात पुसत राहिले, हात कोरडे झाले तरी.

"आला का?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारले.

"येतोय," ते म्हणाले. अकराही वेळा त्यांनी हेच सांगितले होते.

पंधरा दिवसांनी संग्रहालय उघडायचे होते. खालच्या शहराचा जुना रंगखाना घासूनपुसून, काचा लावून त्याचे संग्रहालय केले होते. दालनाच्या मधोमध छतापासून जमिनीपर्यंत एक लोकरीचे कापड सोडायचे, त्याच जुन्या निळ्या रंगाचे, असे तिथल्या बाईंच्या मनात होते. तो रंग काढलेला एकच माणूस आता हयात होता.

"आणि कोपऱ्यात अंगठा हवाच, रंगारीकाका," बाई म्हणाल्या होत्या.

ती रंगखान्याची रीत होती. कापड पिंपात जाण्याआधी मास्तर डिंक कालवलेल्या मातीत अंगठा बुडवून कोपऱ्यावर टेकवायचा. तेवढ्या जागेला रंग धरत नसे. निळ्यात एक पांढरा अंगठा उरायचा, आणि त्याच्यावाचून कापड फाटकाबाहेर जात नसे.

मास्तर नाहीच म्हणणार होते. बत्तीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात त्यांच्या हातून हा निळा निघेनासा झाला, तेव्हा मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "मास्तर, हात गेला तुमचा." त्यानंतर दोन वर्षांत रंगखाना बंद पडला. चारशे माणसे घरी बसली. त्यातल्या एकानेही मास्तरांना बोल लावला नाही. ते काम त्यांनी स्वतःकडेच ठेवले, आणि इतकी वर्षे नेमाने केले. तरी बाईंना ते हो म्हणाले. हात खरोखरच गेला होता का, एवढे एकदा बघायचे होते.

रविवारी मेहुणा आला. पाठीवर पोते, पोत्यात मेंढीची कच्ची लोकर. तो वरच्या शहरातला. नदीच्या वळणापलीकडे, बसने अर्ध्या तासावर. तिथे लोकर धुवायची आणि इथे रंगवायची, अशी दोन्ही शहरांची पूर्वापार वाटणी होती, आणि दोघांनाही वाटायचे की खरे काम आपलेच.

"काय हो दाजी, तुमच्या चिमणीला रोषणाई केलीय म्हणे," पोते अंगणात टाकत मेहुणा म्हणाला. "रात्री हिरवी, मग जांभळी. धूर काढायची ती चिमणी, आता नाचायला लागली."

"तुमच्या चिमणीचं काय?"

"आमच्या चिमणीत झाड उगवलंय. वर घार बसते. आम्ही काही कुणाला नटवत नाही."

"नटवायला माणसं उरली पाहिजेत ना."

"उरलीत की. मी आहे, घार आहे. आणि आता एक मुलगी आलीय बाहेरून. धुलाईखान्याच्या बिनछपराच्या शेडमध्ये बसून हातानं लोकर धुते. मला शिकवायला बोलावते. म्हटलं, हात बसलाय का बघू. ताईला एक उशी होईल."

त्याने अंगणातला टब ओढला, कोमट पाणी घेतले आणि बाह्या सारून लोकर दाबायला लागला. रुंद पंजे, उजव्या अंगठ्यावर आडवा जुना काप. पाणी हळूहळू करडे झाले. त्याच्यावर एक मऊ, मेणचट तवंग आला आणि अंगणभर ओल्या मेंढीचा वास पसरला.

मास्तर त्या करड्या पाण्याकडे बघत बसले. लहानपणी नदी अशीच वळणावरून यायची, फेसाळ, करडी, आणि रंगखान्याच्या पायऱ्यांशी आली की निळी होऊन पुढे जायची. सगळ्या नद्या करड्या जन्मतात आणि मोठ्या झाल्या की निळ्या होतात, असे त्यांना कितीतरी वर्षे वाटत असे. शाळेत एकदा त्यांनी तसे लिहिलेही होते आणि गुरुजी हसले होते. आता नदीला रंगच नव्हता. तळाचे दगड दिसत. काठावर नगरपालिकेने पाटी लावली होती, मासे परत आले आहेत म्हणून. मास्तर रोज त्या स्वच्छ पाण्याचे दोन डबे भरून आणत, कारण निळ्याला नदीचेच पाणी लागते असे त्यांच्या गुरूने सांगितले होते. त्यात सोडा घालून पाहिला, साबण घालून पाहिला.

"तेरावी टाकू का?" बायकोने विचारले. पट्ट्या भिजवून द्यायचे काम तिचे होते.

"टाक. शेवटची."

तिने भिजलेली पट्टी पिळून दिली. त्यांनी ती पिंपात सोडली, मनात आकडे मोजले, वर काढली. पिवळट हिरवी. कडा निळ्या. निळा मधोमध सरकला, आणि थांबला नाही. तो आत आत उतरत गेला, जणू पट्टीला खोली होती. मेहुण्याचे हात टबात तसेच राहिले. बायको पदराला हात पुसत पायरीवर उभी राहिली.

"कशात भिजवलीस?" मास्तरांनी विचारले.

"त्या टबात. डबा रिकामा होता, म्हटलं पाणी ते पाणी."

"अगं ताई, ते माझं मेंढीचं पाणी," मेहुणा म्हणाला आणि हसायला लागला. मग हसता हसता थांबला.

मास्तर पायरीवर बसले.

"तुमचा धुलाईखाना कधी बंद झाला?"

"थंडीत. तुमचा निळा बिघडला त्याच्या आधीच्या."

"आम्ही पेढ्यांसारखी बातमी वाटली होती. वरचे बुडाले म्हणून."

"ठाऊक आहे. आम्ही पण वाट बघत होतो तुमची. तीन वर्षं लावलीत." मेहुण्याने लोकर पिळून बाजूला ठेवली. "मी कायम म्हणायचो ना, तुम्ही आमच्या धुणावर जगता. थट्टेतच म्हणायचो. देवाशपथ, मला काही माहीत नव्हतं."

"मलाही."

"म्हणजे तुमचा हात गेला नव्हता, दाजी. पाणी गेलं होतं."

मास्तरांनी मान हलवली. पट्टी त्यांच्या गुडघ्यावर होती. ते तिच्यावरून बोट फिरवत होते.

"मग आधीही हात नव्हताच म्हणायचा," ते म्हणाले. "तेव्हाही पाणीच होतं."

मेहुण्याने टबातला तवंग बोटाने बाजूला केला, तो पुन्हा जुळून आला.

"आम्ही पाणीच सोडत होतो," तो म्हणाला. "त्याचा निळा आम्हाला कुठं करता आला?"

पुढच्या रविवारी तो सहा डबे घेऊन आला. मोठे कापड रंगखान्याच्या मागच्या अंगणात धुणाच्या पाण्यात भिजवून, निथळून तयार होते. मास्तरांनी वाटीत डिंकाची माती कालवली, अंगठा बुडवला, कोपऱ्यावर नेला आणि तसाच अधांतरी धरला. माती सुकायला लागली. त्यांनी अंगठा पुसून टाकला.

"इकडे ये. अंगठा दे."

"मला सही करता येते," मेहुणा म्हणाला. "सातवी झालीय माझी."

"चाळीस वर्षं दाखवत आलास. आता टेकव एकदा."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिले. ती कापडाची घडी सरळ करत होती. तिने मान वर केली नाही, फक्त वाटी त्याच्याकडे सरकवली.

चौघा माणसांनी कापड पिंपात सोडले आणि मास्तरांच्या खुणेवर वर ओढले. हिरवे, ठिबकणारे कापड दोन खांबांच्या मध्ये उभे राहिले आणि वाऱ्याने निळे होत गेले, वरून खाली, सावकाश, एखादी सांज उतरावी तसे. मेहुणा तोंड उघडे ठेवून बघत होता. अर्ध्या तासावर जन्म काढलेला माणूस, त्याने हे कधी पाहिले नव्हते.

"आता?" त्याने हळूच विचारले.

"आता काही नाही. वाऱ्याचं काम."

उद्घाटनाच्या दिवशी दालनात गर्दी होती. कापडाखाली उभे राहून लोक आवाज खाली आणत होते, का ते त्यांनाही सांगता आले नसते. भाषणे झाली, मास्तरांना हार घातला गेला, तो त्यांनी लगेच काढून बायकोच्या हाती दिला. मेहुणा मागे उभा राहून काचेतली चिमणीची प्रतिकृती बघत होता.

गर्दी ओसरल्यावर बाई कापडाच्या कोपऱ्याशी वाकल्या.

"केवढा रुंद अंगठा आहे, काका. आणि हा आडवा काप? काय लागलं होतं?"

मास्तरांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"लोकरीचे गठ्ठे ओढायचा लोखंडी आकडा," ते म्हणाले. "फार जुनं आहे."

"दुखतं अजून?"

"थंडीत," मागून मेहुणा म्हणाला.