एकच जोड

पोलाद कारखान्याच्या सेक्टर दहामधील क्वार्टरांवर सकाळ एकदम येत नसे. आधी प्लांटच्या धुरांड्यांमागे आकाश फिकट तांबूस होई; मग तो रंग रस्त्यापलीकडच्या कडुलिंबात हलकेच उतरे, पानापानावर रेंगाळे, आणि आत यावे की नाही अशा संकोचात बऱ्याच वेळाने अंगणाच्या जाळीतून भिंतीवर येई. त्या उजेडात विशेष असे काही नव्हते. धुराने तो किंचित मळलेला असे. दोरीवरच्या बनियनवर, बादलीच्या कडेवर, सिमेंटच्या टाकीवर तो सारखाच, कुणाची निवड न करता पडे. प्रफुल्ल पायरीवर बसून त्याच्याकडे पाहत राही. बोलण्यापेक्षा पाहणे त्याला सोपे जाई. आज तो उजेड दोन जुन्या मोटरसायकलींवरून सरकत आला आणि फरशीवरच्या दोन ढिगांवर थांबला.

एका ढिगात गुडघ्यापासून घोट्यापर्यंत येणारे कडक प्लास्टिकचे गार्ड आणि उंच बूट होते. खाणीच्या उतारांवर गाड्या घालायच्या म्हणून दोघा भावांसाठी हेल्मेट घेतल्यावर एवढ्या एकाच जोडापुरते पैसे उरले होते. कॅम्प-१ वस्तीतल्या दुकानात प्रफुल्लने कितीतरी वेळ वस्तू उलटसुलट केल्या होत्या. शेवटी दुकानदार अरुणकुमार कंटाळून म्हणाला होता, "जैकेट छोड़ो भैया, पहले टाँग बचाओ."

दुसरा ढीग बाबांचा होता. चामड्याचे लेगगार्ड, जाड हातमोजे, पोलादी टोकाचे सेफ्टी शूज. बाबा, म्हणजे फकिरा, उभा जन्म कोक ओव्हनवर, कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर, राबले होते. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ते दरवर्षी हे सामान पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहत. कालही वाहिले. आरती झाल्यावर मात्र त्यांनी ते उचलून धाकट्या अंकुरच्या हातात दिले.

"घे बेटा. आता माह्यं रिटायरमेंट जवळ आलं. प्लांटचा माल आहे हा, बजारातलं डुप्लिकेट नाही."

प्लांटमधून आलेली वस्तू पक्की, यावर त्या घरात कधी चर्चा झाली नव्हती. साबण असो, टॉवेल असो, बूट असो. पूजा आटोपल्यावर प्रफुल्लने एक लेगगार्ड सहज नडगीवर धरून अंगठ्याने दाबून पाहिला होता. चामड्याखालून स्वतःचे हाड त्याच्या बोटाला लागले. त्याने तो परत सामानात ठेवला आणि प्रसाद घ्यायला गेला.

अंकुर एकोणीस वर्षांचा, मोठ्या आवाजाचा. निघताना बाबांचे सगळे सामान अंगावर चढवून तो अंगणात ताठ उभा राहिला.

"दादा, मी तं सीधा फर्नेसमध्येच चाललो वाटते. फोटो काढ बे."

"पक्कं असते ते," प्रफुल्ल म्हणाला, आणि वाकून त्याचे पट्टे आवळू लागला. गरजेपेक्षा जास्त वेळ तो ते आवळत राहिला.

अहिवाऱ्याकडच्या बंद चुनखडीच्या खाणीत पावसाने वाटा सोलून काढल्या होत्या. उताराच्या मध्यावर चिखलातून एक धारदार दगड वर आला होता. प्रफुल्ल पुढे होता. पुढचे चाक निसटले, गाडीने त्याला उचलून फेकले आणि त्याची उजवी नडगी थेट दगडावर आदळली. प्लास्टिक कडाडले. मग त्याने चाचपून पाहिले. गार्डला आरपार तडा गेला होता, पाय मात्र शाबूत होता. तो उठला. आपण वाचलो या आनंदाने त्याला हसूच फुटले.

"काही नाही झालं बे!" तो वर पाहून ओरडला. "ये!"

अंकुर आला. तोच उतार, तोच दगड. गाडी आडवी झाली, अंकुर तिच्याखाली गेला, आणि फुटरेस्टचे लोखंड साऱ्या वजनासह त्याच्या नडगीवर उतरले. चामडे फाटले नाही. त्याच्या आत, जिथे माणसाला सांधा नसतो तिथे, पाय वाकला. इंजिन गुरगुरत होते. मागचे चाक अंकुरच्या बोटांशेजारी चिखल भिरकावत फिरत होते. प्रफुल्लने चावी बंद केली तेव्हा कुठे ती किंकाळी ऐकू आली.

"दादा! काढ! काढ नं गाडी!"

त्याने गाडी ओढली. पट्टे सोडले. अखंड चामड्याखालून रक्त भसकन बाहेर आले आणि त्यासोबत हाडाचे पांढरे टोक. अंकुरने त्याचे मनगट असे चावले की दात आत रुतले. प्रफुल्लने हात सोडवून घेतला नाही. वरच्या रस्त्याने चुना नेणारा पिकअपवाला धावत आला, पाय पाहून त्याने तोंड फिरवले, आणि मग दोघांनी अंकुरला गोण्यांवर टाकले. दुर्ग येईपर्यंत प्रत्येक खड्ड्यावर तो ओरडत होता. नंतर तो ओरडेनासा झाला. ते ऐकणे अधिक कठीण होते.

दवाखान्यात डॉक्टर कमी बोलले. शिरा चिरडल्या होत्या. गुडघ्याखालचा पाय काढावा लागणार होता.

बाबा ड्यूटीवरून तसेच आले. ऐकून घेतले, आणि प्रफुल्लच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. कॉलर धरून त्यांनी त्याला भिंतीवर आदळले. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव पसरली.

"कावून नेलं त्याले तिकडं? लेकरू होतं ते! कावून नेलं?"

वॉर्डबॉयने त्यांना मागे ओढले. तेव्हा त्यांची नजर बाकावरच्या लेगगार्डवर गेली. त्यांनी तो हातात घेतला, दोन्ही हातांनी वाकवला. तो सहज वाकला. ते फरशीवरच बसले.

"हे तं आगीसाठी असते," ते म्हणाले. "ठिणगीसाठी. मी कसं देल्लं त्याले? माह्याच हातानं देल्लं."

प्रफुल्ल उभाच होता. तडा गेलेला गार्ड अजून त्याच्या पायावर होता.

"तुह्यं काही दुखलं नाही नं?" बाबांनी खालूनच विचारले. मारणारा हात आता त्याच्या बुटाला धरून होता. "त्याले प्लांटचंच आवडे. सकाळी त्यानंच मागतलं असन हे. हाव नं? त्यानंच मागतलं?"

हो म्हणणे फार सोपे होते. बाबांनी ते त्याच्या तोंडाशी आणून ठेवले होते. मांडलेले दोन ढीग आणि निघण्याची वेळ, यांच्यामधल्या त्या क्षणाकडे प्रफुल्लने दिवसभर पाहिले नव्हते.

"नाही, बाबा."

अंकुरने सकाळी आधी प्लास्टिकचे गार्ड उचलले होते, आणि प्रफुल्लने ते त्याच्या हातातून काढून घेतले होते.