नळ बंद, तरी काटा खाली

कमळाकर मस्कतहून सुट्टीवर आला त्याला नऊ दिवस झाले होते, आणि नवव्या दिवशीही सकाळी पंप आपोआप सुरू झाला.

तो ओट्यावर चहा पीत बसला होता. बायको, सत्यभामा, समोर तांदूळ निवडत होती. घरात तिसरं माणूस नव्हतं. न्हाणीतला नळ बंद, मोरीतला बंद. तरी विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोपीतून मोटरीची घरघर आली, मिनिटभर चालली आणि थांबली. थोड्या वेळानं परत तेच.

"हा मधीच कसा चालू होतो गो?" त्यानं विचारलं.

"मशीन हाय ती. मना काय ठावं," सत्यभामा म्हणाली. तिनं सुपावरून मान वर केली नाही.

पंपाची ही टाकी कमळाकरनं मागच्या सुट्टीत, म्हणजे पंच्याण्णवच्या सुरुवातीला, हौसेनं बसवून घेतली होती. मस्कतला तो क्रेन चालवायचा, तिथं साहेबांच्या बंगल्यात त्यानं अशी टाकी पाहिली होती. विहिरीचं पाणी निळ्या लोखंडी टाकीत भरायचं. टाकीत रबराची पिशवी, पिशवीबाहेर कोंडलेली हवा. ती हवा पाण्याला दाबते, म्हणून नळ सोडला की धार जोरात येते. दाब उतरला की पंप चालू, दाब चढला की बंद. अख्ख्या तळवली गावात अशी टाकी दुसरी नव्हती.

रविवारच होता. तो दिघ्याहून अंकुशला घेऊन आला. अंकुश ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करायचा. कमी बोलणारा, कामात हात साफ.

"एवढा काय बिघडला हाय? पानी येतं ना?" सत्यभामा दारातून म्हणाली.

"मोटर जळंल अशानी," कमळाकर म्हणाला.

अंकुशनं मेन स्विच पाडला, खालचा नळ सोडून टाकी रिकामी केली. मग टाकीच्या डोक्यावरचं टोपण काढलं. आत गाडीच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह होता. त्यानं तो नखानं दाबला. फुस्स करून हवा आली.

"पाणी आलं असतं तर पिशवी फाटली समजायची. पिशवी चांगली आहे." त्यानं हवा मोजायचं मीटर लावलं. "नऊ पाउंड. तुमचा पंप वीसला चालू होतो, म्हणजे हवा अठरा पायजे. हवा कमी झाली की पंप सारखा सुरू होतो, बंद होतो. टेन्शन नाय, शेठ."

त्यानं सायकलचा पंप लावून हवा मारली, थांबून थांबून मोजली, अठरावर आणली आणि टोपण घट्ट केलं. मेन स्विच चढवला. टाकीवरच्या दाबमापकाचा काटा सरकत चाळीसवर गेला, खट् झालं, पंप बंद पडला.

"आता नळ सोडल्याशिवाय हा काटा हलायचा नाय."

दोघं काट्याकडे बघत उभे राहिले. काटा हलला. अडतीस. छत्तीस. मग थांबला.

अंकुशनं काचेवर बोटानं टिचकी मारली. काटा परत उतरला, तेहतीसवर आला, परत थांबला.

"घरात कोण हाय का?" कमळाकरनं आत जाऊन सगळे नळ स्वतः आवळले. परत आला तेव्हा काटा अठ्ठावीसवर होता.

"पाइप फुटला असंल," तो म्हणाला.

"नाय शेठ. फुटलेला पाइप सारखा गळतो. काटा सरळ खाली येतो. हा बघा, उतरतो, थांबतो, परत उतरतो." अंकुशनं आवाज खाली आणला. "कोणीतरी नळ सोडतंय आणि बंद करतंय."

कमळाकरची विहीर, त्याचा पंप, त्याचं बंद घर, आणि कुणीतरी आत्ता, या क्षणी, हात लांबवून पाणी घेत होतं.

अंकुशनं टाकीनंतरचा मोठा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. काटा जागच्या जागी उभा राहिला. म्हणजे टाकी ठीक होती, पाणी पुढंच जात होतं. तो पाइपावर हात ठेवत ठेवत चालत गेला आणि कपडे धुवायच्या दगडाशी वाकला. दगडामागं पाइपाला एक जोड होता. त्यातून काळा प्लॅस्टिकचा पाइप निघून मातीत शिरला होता.

कमळाकरनं फावडं आणलं. चार घावांत पाइप उघडा पडला. तो सरळ भिंतीखाली गेला होता.

ती सात फुटी भिंत कमळाकरनंच घातली होती. पलीकडे थोरला भाऊ हिराजी राहायचा. नव्वद साली आई गेली तेव्हा कमळाकर मस्कतला होता. तार त्याला मिळाली ती दिवसकार्य होऊन गेल्यावर. हिराजी थांबला नाही, आपल्याला वेळेत कळवलं नाही, आईचं तोंड बघू दिलं नाही, हे त्याच्या मनात बसलं ते बसलंच. सुट्टीवर आल्या आल्या त्यानं भिंत घातली आणि घरात हिराजीचं नाव काढायला बंदी घातली. विहीर कमळाकरच्या बाजूला आली. हिराजीच्या वाट्याला गल्लीच्या तोंडाचा सार्वजनिक नळ राहिला.

"चोर," कमळाकर म्हणाला. "भिंतीखालून चोरी करतं. सख्खा भाऊ."

त्यानं पाइप तोडायला फावडं उचललं.

"त्यांनी नाय टाकला," सत्यभामा मागून म्हणाली. "मी टाकला."

फावडं तसंच वर राहिलं. कमळाकर वळला. सोळा वर्षांच्या संसारात या बाईनं त्याला न विचारता साधी खिडकीही रंगवली नव्हती.

"कोनाला इचारून?"

"कोनाला इचारू? तुमचा फोन येतं, मी दादांचा नाव काढलं का तुमी फोन ठेवता. दोनदा कागदान लिवला. तुमी उत्तर दिलंत, घरचा लिही, बाकीचा नको." ती रडत नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "तोडायचा तर तोडा. पन आदी पलीकडं जाऊन बगून या."

"काय बगू?"

"जा तुमी."

फावडं टाकून तो निघाला. गल्लीला वळसा घालून हिराजीच्या दारापर्यंत चाळीस पावलं असतील. सहा वर्षांत ती त्यानं टाकली नव्हती. मनात भांडणाचे शब्द जुळत होते. दार उघडंच होतं.

आत पडवीत खाटेवर एक म्हातारा उघडा पडला होता. एका कुशीवर, पाठ दाराकडे. हाडं मोजून घ्यावीत अशी पाठ, सगळी साबणानं पांढरी. एक बाई त्याला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं पुसत होती आणि धाप टाकत होती. बाजूला रबराचं मेणकापड, घमेलं, बादली. बादलीवर काळ्या पाइपाचा नळ होता आणि तो कोरडा पडला होता.

कमळाकरला वाटलं, घर चुकलं. मग बाईनं मान वर केली. ती गिरजाबाई होती, त्याची वहिनी. मग खाटेवरचा म्हातारा कोण, ते त्याला कळलं. हिराजी त्याच्याहून चारच वर्षांनी मोठा होता. मिठागरावर दोन गोणी एकदम उचलणारा.

"वैनी, हा काय?"

"शिमग्याच्या आदल्या दिवशी पडलं. उजवा अंग गेला. वाचा गेली." ती हळू बोलली, जणू जुनीच गोष्ट. "आठ महिने झालं."

"मना कोनी सांगितला नाय."

गिरजाबाईचा हात थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि आता धक्का तिला बसला होता.

"तुमाला ठावं नव्हता, भाऊजी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"आमाला वाटला तुमाला ठावं हाय. सगल्या गावाला तसाच वाटतं. नऊ दिवस झालं तुमी आलाव. लोकं बोलतात, भिंतीला लागून भाऊ मरायला टेकलंय आनी हा फिरकत नाय."

नऊ दिवसांत त्याला भेटलेली माणसं त्याला आठवली. नाक्यावर, देवळात, मासळीवाल्यापाशी. सगळे हसून बोलले होते. कुणी काही विचारलं नव्हतं. आणि तो पाठ वळवून निघाला की सगळ्यांना काय वाटत असेल, ते त्याला आत्ता कळत होतं.

साबण वाळायला लागला होता. गिरजाबाईनं नळ दोनदा फिरवून पाहिला. "पानी गेला. अगो बाई, असा अर्ध्यात कसा गेला?"

व्हॉल्व्ह त्याच्याच बाजूला बंद होता.

कमळाकर पडवीच्या मागच्या दारात गेला. समोर त्याचीच भिंत होती, या बाजूनं गिलावा न केलेली.

"अंकुश!" त्यानं हाक मारली. "व्हॉल सोड."

"पाइप तोडायचा ना, शेठ?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"तोडू नको. पानी सोड."

बादलीवरचा नळ खाकरला, हवा थुंकला आणि जोरात वाहायला लागला. कमळाकरनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, खाटेच्या पलीकडून जाऊन भावाला खांद्याशी धरलं. उचलताना तो परत हादरला. हातात काही वजनच आलं नाही. गिरजाबाईनं पाणी ओतलं. हिराजीनं डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, ओळखलं. मग मान भिंतीकडे वळवली. रागानं वळवली की लाजेनं, ते विचारायची सोय नव्हती.

कमळाकर घरी परतला तेव्हा अंकुश हत्यारं आवरत होता. काम झालं म्हणाला. दोन घरांचं पाणी आहे म्हटल्यावर पंप अधूनमधून सुरू होणारच, त्यात बिघाड काही नाही. कमळाकरनं मातीत उघडा पडलेला पाइप पुन्हा झाकला. सत्यभामा दारात उभी होती. तिनं आठ महिने एकटीनं काय काय केलं, ते तो पुढचे कित्येक दिवस थोडं थोडं विचारत राहिला.

सुट्टीचे राहिलेले एकवीस दिवस तो रोज सकाळी पलीकडे गेला. आंघोळ घालायची, कूस बदलायची, पेज भरवायची. हिराजी एकदाही त्याच्याकडे बघून हसला नाही. विरोधही केला नाही.

निघायच्या दिवशी विमानतळाची टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली तरी कमळाकर भावाची दाढी करत होता. घाई झाली, वस्तरा हनुवटीशी निसटला आणि रक्ताचा थेंब आला.

"मुडद्या," हिराजी म्हणाला.

स्पष्ट, पूर्वीच्याच आवाजात. गिरजाबाईच्या हातातली वाटी खाली पडली. सत्यभामा दारातून आत आली. कमळाकर वस्तरा हवेत धरून तसाच बसला.

"दादा, काय बोललास? परत बोल."

हिराजीचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला. कमळाकरनं फडक्यानं रक्त टिपलं आणि राहिलेला डावा गाल करायला घेतला.