साक्षीदार नाही

"हात हलवू नका म्हटलं ना!"

"हात नाही हलत ताई, पुस्तक हलतंय," बेकरीवाला म्हणाला.

त्याचा डावा हात कोपरापर्यंत ओल्या प्लास्टरमध्ये होता आणि उजव्या हातात कड्यावर चढायच्या वाटांचं, म्हणजे रूटचं, नवं कोरं पुस्तक होतं. वीस वर्षं समुद्राच्या कड्यांवर चढणारा हा माणूस पडला तो बेकरीच्या मागच्या पायरीवरून, पिठाचं पोतं घेऊन. त्याची लाज त्याला हात मोडल्यापेक्षा जास्त होती.

ती बादलीत पुढची पट्टी भिजवत होती. इस्पितळाच्या तळघरातल्या या खोलीत तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मोडलेली हाडं डॉक्टर जुळवायचे आणि ती बांधायची. रविवारी, ओहोटीची वेळ जमली तर, ती कड्यावर जायची. आधी वरून दोराने पायथ्याशी उतरायचं आणि भरतीच्या आत चढून वर यायचं. तिथेही तिला सगळे ताईच म्हणत. लग्नानंतर नवऱ्याने तिला चढायला शिकवलं होतं. तो बर्फाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. तो गेला तोही कड्यावरून पडून नाही, रांगेत उभा असताना छातीत कळ येऊन. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"माझ्या रूटचं काय केलंय बघा! 'सोपा. नवशिक्यांसाठी उत्तम.' नवशिक्यांसाठी? मी त्या भेगेत अर्धा तास अडकून रडलोय!"

"तुमचा तो रडण्याचा भाग छापला नाही हे नशीब समजा." ती हसली. "मनगट सरळ. आणि माझ्या नवऱ्याचं काय लिहिलंय? त्याच्या 'दुपारची पाळी'चं?"

बेकरीवाल्याने पुस्तक मिटलं. फार पटकन मिटलं.

"ते... आहे ना. आहे."

"वाचा की."

"घरी निवांत वाचा ताई. प्लास्टर वाळू दे आधी."

तिने हात पुसले आणि त्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. पान सापडायला वेळ लागला नाही. कड्याचा मोठा फोटो होता. त्यावर लाल रेघांनी सगळे रूट दाखवले होते. एक रेघ मात्र तुटक होती.

'दुपारची पाळी. पहिली चढाई: एकट्याने. साक्षीदार नाही. या दाव्याबद्दल गिर्यारोहकांत मतभेद आहेत.'

तिने ते पुन्हा वाचलं. 'दाव्याबद्दल' या शब्दावर तिच्या बोटाचा पांढरा ठसा उमटला.

"ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," बेकरीवाला म्हणाला. "आम्हाला कुणाला शंका नाही. आपल्याकडे कधी कुणी पावती मागितलीय? चढलो म्हणाला, म्हणजे चढला. पहिल्यापासून असंच चालत आलंय."

"मग हे मतभेद कुणाचे?"

तिने पुस्तक उलटं केलं. पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचा फोटो होता. डोक्याला हेल्मेट, मागे समुद्र, चेहऱ्यावर हसू. तो तिचा धाकटा दीर होता.

*

रविवारी कड्यावरच्या मोकळ्या जागेत, जिथे सगळे गाड्या लावत, तिथे नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. चढायला कुणी आलंय असं वाटत नव्हतं. दोर पिशव्यांतच होते आणि पुस्तकं बाहेर. जो तो आधी मागची सूची उघडून स्वतःचं नाव शोधत होता. सापडलं की किती ओळी आल्यात ते बघत होता आणि मग शेजाऱ्याला किती आल्यात ते बघून लाल होत होता.

"दक्षिणेच्या खाडीचा रस्ता छापलाय! नकाशासकट!" शाळेची बस चालवणारा ड्रायव्हर ओरडत होता. "तिथे पक्षी अंडी घालतात म्हणून आपण इतकी वर्षं कुणाला बोललो नाही. आता जत्रा भरेल जत्रा!"

"तुझं खाडीचं राहू दे," बेकरीवाला गळ्यातला हात सावरत म्हणाला. "माझी अब्रू गेली त्याचं काय?"

"तुझी कधी होती?"

हशा पिकला, पण त्यात मजा नव्हती. निवृत्त झालेले एक वकील मात्र शांतपणे म्हणाले, "पुस्तक म्हटलं की पुराव्याला धरूनच लिहावं लागतं. त्याने काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. 'दुपारची पाळी'बद्दल आपणही कुजबुजत होतोच की. त्या काळात एवढं कठीण इथे कुणी चढत नव्हतं. पुढच्याच हिवाळ्यात वादळात भिंतीचा तो भाग समुद्रात कोसळला. पुन्हा कुणाला चढून बघायची सोयच राहिली नाही."

"कोण कुजबुजत होतं?" तिचा आवाज मागून आला.

वकील वळले. ती कधी आली ते कुणाला कळलंच नव्हतं.

"ताई, मी आपलं सर्वसाधारण बोलतोय."

"सर्वसाधारण नको. नाव सांगा. माझ्या घरी चहा पिऊन कोण कुजबुजत होतं?"

तेवढ्यात दिराची गाडी आली. तो जमीन मोजणी खात्यात होता. मोजण्याची सवय त्याच्या चालण्यातही होती. त्याने डिकीतून पुस्तकांचं खोकं काढलं आणि सगळ्यांची तोंडं बघून ते तसंच हातात धरून उभा राहिला.

लग्न होऊन ती घरात आली तेव्हा हा शाळेत जात होता. ती त्याला अरे-तुरेच करायची. फक्त फार राग आला की अहो-जाहोवर यायची.

"या भाऊजी," ती म्हणाली. "तुमचीच वाट बघतोय."

त्याने खोकं खाली ठेवलं. "वहिनी, मी तुमच्याकडे येणारच होतो."

"छापायच्या आधी की नंतर?"

"त्यात खोटं काय आहे वहिनी? दादा एकटाच गेला होता. बघायला कुणी नव्हतं. एकट्याने केलेल्या प्रत्येक चढाईपुढे मी तसंच लिहिलंय. माझ्या स्वतःच्या दोन आहेत, त्यांच्यापुढेसुद्धा. भावाला वेगळा नियम लावला असता तर हेच सगळे माझ्यावर तुटून पडले असते."

"बरोबर आहे," वकील म्हणाले.

"तुम्ही थांबा हो जरा," बेकरीवाला म्हणाला.

ती दोन पावलं पुढे गेली. तिचा आवाज चढला नव्हता. इस्पितळात किंचाळणाऱ्या माणसाला ती ज्या आवाजात 'झालंच आता' म्हणायची, त्याच आवाजात ती बोलत होती.

"साक्षीदार नव्हता. का नव्हता भाऊजी?"

त्याने खाली ठेवलेल्या खोक्याकडे पाहिलं.

"दोर धरायला कोण येणार होतं त्या दिवशी? आदल्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून 'दादा, मी पहाटेच येतो' कोण म्हणालं होतं? ओहोटी थांबत नाही म्हणून तो एकटा उतरला. यांना हेही कळू द्या की. मतभेदांचं लिहिलंत, मग हे का नाही लिहिलंत?"

वारा चांगलाच सुटला होता. कुणाच्या तरी पुस्तकाची पानं फडफडत राहिली. ड्रायव्हर बुटाने जमीन उकरत होता.

"मला जाग आली नाही," दीर म्हणाला. तिला नाही, खोक्याला सांगितल्यासारखं.

"जाग आली नाही," ती म्हणाली. "आणि दावा त्याचा."

*

दोन दिवसांनी संध्याकाळी तो तिच्या घरी आला. तिने दार उघडलं, पण 'ये' म्हणाली नाही. तो स्वतःच आत येऊन जेवणाच्या टेबलापाशी बसला. ती सिंकजवळ उभी राहून भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

"पहिली आवृत्ती संपत आलीय," तो म्हणाला.

"अभिनंदन."

"शिव्या देणाऱ्यांनीच जास्त घेतली." त्याने हसायचा प्रयत्न केला. "वहिनी, दुसरी निघेल तेव्हा मला ती ओळ बदलायचीय. पण काहीतरी आधार हवा. नुसती बदलली तर लोक म्हणतील, घाबरला. तुम्ही एवढंच सांगा, की त्या दिवशी घरी आल्यावर दादाने तुम्हाला सांगितलं. कसा चढला, कुठे पकड मिळाली, काहीही. 'चढाईचा वृत्तांत त्याच दिवशी पत्नीला सांगितला.' मी तेवढं छापेन. मतभेदांचं काढून टाकेन. वकीलसुद्धा म्हणाले, तेवढं पुरे."

तिने नळ बंद केला.

त्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी होती. ती परतली तोवर नवरा कारखान्यात गेला होता, दुपारच्या पाळीला. रूटला नावही त्याने तेच दिलं होतं, पाळी गाठायची म्हणून घाईने वर आलो, असं नंतर सगळ्यांना सांगून. तो घरी आला तेव्हा ती झोपली होती. दुसऱ्या दिवशी ती निघताना तो दारात आला. केस खारट, बोटांची टोकं सोललेली. तो म्हणाला, "दूध तापवून ठेवलंय." बस. त्या आठवड्यात त्यांच्यात अबोला होता. कशावरून, ते तिला आता आठवतही नव्हतं. चढाई जमल्याचं तिला कळलं ते पुढच्या रविवारी, सगळ्यांबरोबर.

"बोटं सोललेली होती त्याची," ती म्हणाली.

"ती नेहमीच असायची." तो पुढे झुकला. "सांगितलं असेलच ना काहीतरी? एक वाक्य. तुम्ही म्हणाल ते मी लिहितो."

तिला एकदम दोघांचाही राग आला. समोर बसलेल्याचा आणि जो नव्हता त्याचा. एवढी मोठी गोष्ट केलीस आणि घरी येऊन दुधाचं सांगितलंस? एक शब्द बोलला असतास तर आज मी याच्या तोंडावर फेकला असता. एक वाक्य. काय अवघड होतं? 'दमून आला होता, पण खूश होता, म्हणाला वरच्या छज्ज्याखाली हात सुटत होते.' ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. कुणाला कधीच कळलं नसतं.

पण तिचा नवरा एकदा अर्ध्यातून हात सुटून दोराला लटकला होता. खालून कुणी पाहिलं नव्हतं. तरी वर येऊन सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "माझी चढाई धरू नका, मी लटकलो."

"त्याने मला काही सांगितलं नाही," ती म्हणाली.

"वहिनी, नीट आठवा."

"नीट आठवतंय म्हणूनच सांगतेय. काही सांगितलं नाही. त्याच्या नावावर मी खोटं बोलणार नाही."

"पण मग ती ओळ तशीच राहील."

"राहू द्या."

"मला..." तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "मला झोप लागत नाही हो. तुम्ही सांगितलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं."

"म्हणजे तुम्हाला बरं वाटावं म्हणून आला होतात होय!" तिने हातातलं पातेलं आपटलं. "त्या दिवशी मस्त झोपलात ना? आता जागा थोडे. निघा भाऊजी. दार ओढून घ्या."

*

पुढच्या रविवारी समुद्र शांत होता. ओहोटी चांगली लागली होती. ड्रायव्हर, वकील आणि बाकीचे जोड्या जोड्यांनी कड्याच्या टोकाशी दोर बांधत होते. बेकरीवाला एका हाताने नुसताच सल्ले वाटत फिरत होता.

दीर एका दगडावर बसला होता. कमरेला हार्नेसचा पट्टा चढवलेला, दोर नीट गुंडाळून मांडीवर ठेवलेला. त्याच्याशी भांडायलाही आता कुणी जात नव्हतं. त्याच्या अंगावरून जाताना लोक आपापसातलं बोलणं थांबवत आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करत. त्याच्या दोराला कुणी बांधून घेणार नव्हतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण ते सगळ्यांना माहीत होतं.

"ताई, आमच्यात या," ड्रायव्हरने हाक मारली. "तिघं होऊ आपण."

ती चालत दगडापाशी गेली. त्याच्या मांडीवरच्या दोराचं टोक तिने ओढून घेतलं आणि स्वतःच्या हार्नेसला गाठ मारली. गाठ ओढून पाहिली.

तो उभा राहिला. "वहिनी, मी..."

"बोलू नका. धरा."

दूरवर बेकरीवाला बोलता बोलता थांबला.

दिराने दोर कमरेच्या कडीतून घेतला, मागच्या लोखंडी खुंटाला स्वतःला अडकवलं आणि पाय रोवले. ती पाठीमागे चालत कड्याच्या काठापर्यंत गेली. टाचांखाली गवत संपलं. खाली खडकांवर पाणी वाजत होतं. राग तसाच होता, छातीत दगडासारखा. तो घेऊनच तिला उतरायचं होतं.

"धरलंय?" तिने विचारलं.

"धरलंय."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याच्या हातांकडे पाहिलं. आयुष्यभर तिने लोकांचे हातच पाहिले होते. मग तिने दोन्ही हात दोरावरून काढले आणि सगळा भार मागे, हवेत टाकला.