कुंडातल्या गोगलगाई

कापसाला सोन्याचा भाव आला त्या सालांत तेल्हाऱ्याजवळच्या एका गावी रामराव पाटलांनी महादेवापुढे दगडी कुंड बांधलं. त्यात मोटेनं ओढलेलं विहिरीचंच पाणी सोडत. गावाबाहेरच्या जुन्या तळ्यात म्हशी डुंबत, म्हणून तिथलं थेंबभरही पाणी कुंडात पडू द्यायचं नाही, अशी पाटलांची सक्त ताकीद होती.

कुंडाच्या पायऱ्या झाडायचं काम नत्थुजीच्या बायकोनं, माणिकबाईनं, नवस म्हणून अंगावर घेतलं होतं. सोबतीला वच्छला यायची. दोघी एकाच माहेरच्या, चांदूरकडच्या. वच्छलाच्या तिन्ही बाळंतपणांत माणिकबाई तिच्या उशाशी बसली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पायरीवर एक रानबदक दमून बसलेलं दिसलं. वच्छलानं ते अलगद उचललं. माणिकबाईनं वाकून पाहिलं, तर पायाच्या पडद्याला ज्वारीच्या कणीएवढे तीन-चार दाणे चिकटलेले. त्यातला एक हलला.

"अवं, ह्या तं गोगलगाई हायेत! तळ्यातून आणल्या वाटते यानं."

"बसू दे बिचाऱ्याले पाण्यात," असं म्हणून वच्छलानं बदक कुंडात सोडलं. दुपारपर्यंत ते उडून गेलं.

पावसाळा सरला आणि कुंडाच्या दगडांवर गोगलगाईच गोगलगाई झाल्या. अभिषेकाच्या तांब्यात एक निघाली, तेव्हा भटजींनी तांब्या खाली ठेवला. तळ्याचं पाणी कुणीतरी यात मिसळलं, याशिवाय त्यांना दुसरं काही सुचेना. विहिरीवर जायचा कंटाळा करून झाडणारीनंच तळ्याची घागर इथं रिती केली असणार, असं गाव बोलू लागलं.

पाटलांनी चावडीवर बोलावलं, तेव्हा माणिकबाई निर्धास्त होती. तिनं बदकाची सगळी हकीकत सांगितली. लोक हसले. "वच्छलाले इचारा. तिच्याच हातात होतं ते," ती म्हणाली.

वच्छला नवऱ्याच्या, खुशालरावाच्या, मागे उभी होती. तिच्या पोरीची सोयरीक पाटलांच्या पुतण्याशी नुकतीच ठरली होती. तिनं पदर पुढे ओढला.

"मले बदक-बिदक काई ठावं नाई. तळ्याकडून घागर घेऊन येताना मात्र पाह्यलं होतं म्या हिले."

माणिकबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "वच्छे, काय बोलून राह्यली तू?"

वच्छलानं मान वर केली नाही. माणिकबाईला देवळाची पायरी बंद झाली. नत्थुजीनंही घरी येऊन विचारलं, "खरं सांग, आणलं होतं का पाणी?" त्या प्रश्नावर ती जेवणाच्या ताटावरून उठली.

तिला चैन पडेना. तळ्यावर पक्षी धरणारी एक पारधीण होती. तिला पायलीभर ज्वारी देऊन माणिकबाईनं जिवंत बदक मागितलं. अंगणात दोन रांजण मांडले, दोन्हींत विहिरीचं गाळलेलं पाणी भरलं. एकात बदकाचे पाय घोळवले, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्हींची तोंडं फडक्यानं बांधली. महिना झाला, काहीच नाही. शेजारच्या गोदाबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. दुसऱ्या बदकानंही तेच. तिसऱ्याच्या पायाला मात्र शेवाळाचा धागा गुंडाळलेला होता. वीस दिवसांनी तिनं फडकं सोडलं, तर रांजणाच्या कडेला मोहरीएवढ्या सात गोगलगाई चढत होत्या. दुसऱ्या रांजणात नुसतं पाणी.

तिनं भर सकाळी पाटलांनाच अंगणात बोलावून आणलं. रामरावांनी दोन्ही रांजणांत डोकावून पाहिलं, बोटावर एक गोगलगाय घेऊन उन्हात धरली. 

"बाई, चूक झाली आमची," ते म्हणाले. "उद्यापासून या देवळात."

त्याच संध्याकाळी वच्छला दाराशी आली. "माणिके, पाखरू म्याच सोडलं होतं. ते कबूल केलं असतं तं पोरीची सोयरीक मोडली असती. मले समजून घे."

"नुसती गप्प राह्यली असती, तं समजून घेतलं असतं," माणिकबाई म्हणाली. "पण घागर तू कावून माह्या हाती देल्ली?"

 वच्छला उंबऱ्याबाहेर उभी राहून रडत राहिली. माणिकबाईला तिचे डोळे पुसावेसे वाटले, हात पुढेही झाला; पण चावडीवरचा तो खाली घातलेला चेहरा आठवला आणि तिनं हात मागे घेतला.

फाल्गुनात वच्छलाच्या पोरीचं लग्न झालं. पाटलांचं बोलावणं होतं, म्हणून माणिकबाई गेली, अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आली. पुढे पायऱ्या ती एकटीच झाडू लागली. वच्छला दिसली की ती खाली बघून झाडत राही. चांदूरचं माणूस आलं, की आधी वच्छलाकडे निरोप धाडायची तिची सवय होती; तीही तिनं मोडली.